भाग: फुलोऱ्यात सिलिका द्यायची का? उत्तर पनवेलच्या भातशेतात आहे

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं थोडं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.)

लोकल पकडली असेल तर आधी बसायला जागा बघा, मग हेडफोन लावा.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "झाडाला फुलं लागताना सिलिकाची बाटली आणून द्यावी का? मोबाईलवर सगळे तेच सांगतात." हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. हे जे रील्स आणि व्हिडिओ तुम्ही बघता, त्यातले बरेचसे परदेशातल्या गांजा पिकवणाऱ्यांचे असतात. तिकडे काही ठिकाणी ते कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 खाली परवानगीशिवाय गांजाचं झाड लावलं तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुंडी एकच असली तरी लागवड ती लागवडच. तो विषय इथेच संपला.

पण सिलिकाचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या दाराशी आहे. कारण सिलिका खाण्यात भाताचा हात धरणारं पीक क्वचितच सापडेल.

सिलिका म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत, वाळू. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकत्र आले की सिलिका होते. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच आहे, वजनाने सुमारे 28 टक्के. मग तुम्ही म्हणाल, जमिनीत एवढं भरलेलं असताना वरून कशाला द्यायचं?

गंमत तिथेच आहे. वाळू पाण्यात विरघळत नाही, आणि झाड फक्त विरघळलेलं घेऊ शकतं. त्यातून आपल्या कोकणात पाऊस असा, की विरघळेल तेवढं धुऊन नेतो. जांभ्याच्या जमिनीत तर वर्षानुवर्षं हेच चाललंय. म्हणजे घरात धान्याची कणगी भरलेली, पण ताटात दोनच घास.

आणि भाताची भूक मोठी. हेक्टरी 5 टन भात पिकला तर ते पीक जमिनीतून साधारण 230 ते 470 किलो सिलिकॉन उचलतं. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या नावाने आपण गोण्या आणतो, पण त्यांच्यापेक्षा जास्त उचललं जाणारं हे द्रव्य हिशेबातच धरत नाही.

भात त्याचं करतो काय?

भाताच्या पातीवरून बोट उलटं फिरवून बघा. कापतं ना? ती सिलिका. मुळातून पाण्याबरोबर वर आलेली सिलिका पानाच्या सालीखाली जमते आणि काचेसारखा पातळ थर तयार होतो. त्याचे तीन फायदे.

पहिला, करपा. करप्याची बुरशी पानात घुसायला बघते, तिला हा थर आडवा येतो. युरिया जास्त पडला की पान लुसलुशीत होतं आणि करपा वाढतो, हे शेतकऱ्याला माहीतच आहे. अशा वेळी सिलिकाची खरी गरज पडते.

दुसरा, खोडकिडा. अळीला असं खोड कुरतडायला जड जातं, तिचे जबडे झिजतात.

तिसरा, लोळणं. ऑक्टोबरमध्ये भात पिवळा झालेला असतो आणि परतीचा पाऊस येतो. आडवा झालेला भात पाण्यात पडला की दाणा शेतातच उगवतो. चार महिन्यांची मेहनत चार दिवसांत जाते. सिलिका मिळालेली ताटं टणक राहतात. वादळापुढे त्यांचंही काही चालत नाही, पण साध्या वाऱ्यापावसात त्या ताटांनी फरक पडतो.

2006 साली जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाचे जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या मुळातला एक जीन शोधला, नाव एलएसआय-वन. हा जीन म्हणजे सिलिका आत घेणारा दरवाजाच. टोमॅटोसारख्या झाडाच्या मुळातून सिलिका फारशी वर चढत नाही. म्हणून खारघरच्या बाल्कनीतल्या टोमॅटोला महागडी सिलिका पाजून भातासारखा परिणाम मिळेल, ही आशा सोडा. भात, ऊस, बांबू ही गवताच्या कुळातली मंडळी सिलिकाची खरी गिऱ्हाईकं. काकडी मधली.

मग फुलोऱ्यात द्यायची की नाही?

आता मुद्द्यावर येतो. भाताला सिलिकाची सगळ्यात जास्त गरज कधी लागते? लोंबीचा कोंब आत तयार होतो तेव्हापासून, पोटरीत असताना आणि निसवेपर्यंत. म्हणजे "फुलोरा महत्त्वाचा" हे व्हिडिओवाले अगदीच खोटं बोलत नाहीत.

पण पुढचं ते सांगत नाहीत. पानात एकदा बसलेली सिलिका तिथून हलत नाही. नत्र जुन्या पानातून निघून नव्या पानात जातं, सिलिका जात नाही. त्यामुळे रोपात बसलेली सिलिका लोंबीच्या कामी येणार नाही, आणि लोंबी बाहेर पडल्यावर टाकलेली सिलिका आधीच कमजोर झालेलं खोड सुधारणार नाही. तिचा पुरवठा सलग हवा, आणि पोटरीच्या आधीच ती जमिनीत विरघळायला तयार असली पाहिजे. फुलं दिसल्यावर दुकानात धावणं म्हणजे वरात दारात आल्यावर मांडव घालायला घेणं.

आपल्या माणसाने काढलेला उपाय

डॉ. नारायण सावंत हे आपले मराठी कृषिशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या आयएफडीसी या खत संशोधन संस्थेत त्यांनी भाताच्या खतांवर काम केलं. भातातल्या सिलिकॉनच्या व्यवस्थापनावर 1997 साली त्यांनी दोन परदेशी शास्त्रज्ञांसोबत लिहिलेला मोठा लेख आजही जगभर वाचला जातो. 'चारसूत्री भात लागवड' त्यांचीच. ती राज्याच्या कृषी विभागानेही शेतकऱ्यांपर्यंत नेली.

चार सूत्रं अशी: भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधे चिखलात खोचायची युरिया-डीएपीची गोळी. आपल्या कामाचं पहिलं सूत्र.

रोपवाटिकेच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची राख मातीत मिसळायची. आणि पहिल्या नांगरणीला हेक्टरी 2 टन पेंढा शेतात गाडायचा. त्या पेंढ्यातून 20 ते 25 किलो पालाश आणि 100 ते 120 किलो सिलिका परत मिळते. रोपवाटिकेतली राख रोपाला सांभाळते आणि शेतात हळूहळू कुजणारा पेंढा पुढे पोटरीपर्यंत पुरवठा करतो. सिलिका वेळेवर देण्याचा प्रश्न असा सुटतो.

हिशेब करून बघा. 100 किलो भात भरडला की साधारण 20 किलो तूस निघतं, आणि ते जाळलं की 4 किलोच्या आसपास राख. त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. एका गुंठ्याच्या रोपवाटिकेला 50 किलो राख धरली तर साडेबारा क्विंटल भाताचं तूस लागेल. एका घरचं पुरणार नाही, भातगिरणीवर सांगून ठेवायला हवं.

राख काळसर हवी. फार कडक आचेवर जळून पांढरी झालेली राख स्फटिकासारखी घट्ट होते, लवकर विरघळत नाही, आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. कुठलीही राख पसरताना नाकाला फडकं बांधा.

आपल्याकडे राब भाजतात, त्यातही राखच जमिनीत जाते. पण त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. तुसाच्या राखेला त्यांची गरज नाही.

अडचण पेंढ्याची आहे. पेंढा गुरांना लागतो, नाहीतर विकला जातो. तो विकला की सिलिकाही त्याच टेम्पोत बसून जाते. सगळा नाही तर थोडा तरी शेतात ठेवा. करपा पडलेला रोगट पेंढा मात्र गाडू नका.

पनवेलसाठी एक जादा मुद्दा

पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. 'पनवेल 1', 'पनवेल 2', 'पनवेल 3' हे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे वाण तिथलेच. खाडीकाठच्या जमिनीत मीठ मुळातून वर चढतं आणि पीक जळतं. मुळांच्या पेशींच्या भिंतीत सिलिका बसली की मिठाच्या चोरवाटा काही प्रमाणात बुजतात आणि रोपात सोडियम कमी शिरतं. फुटलेला बांध राखेने दुरुस्त होणार नाही, पण योग्य वाण आणि पक्का बांध यांच्या जोडीला ती उपयोगी पडते.

थोडक्यात

गावाला भातशेती असेल तर बाटली विकत घेण्याआधी घरच्यांना विचारा, गिरणीतलं तूस आणि शेतातला पेंढा जातो कुठे? कुंडीत टोमॅटो-मिरची असेल तर सिलिकापेक्षा ऊन, शेणखत आणि पाण्याचा निचरा आधी बघा. तरीही पोटॅशियम सिलिकेट वापरायचंच असेल, तर ते तीव्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे पातळ करूनच घ्या. कॅल्शियमच्या खताबरोबर एका बादलीत घालू नका, साका बसतो आणि दोन्ही फुकट जातात.

हा भाग गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. राबाची तयारी सुरू व्हायच्या आधी पोचला तर उपयोग आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि उतरताना हेडफोन काढा!