लग्नाची तारीख आणि उसाची तोड



तुळशीची लग्ने लागली की आमच्या गटकचेरीत पत्रिका घेऊन सभासद येऊ लागतात. पत्रिका टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "साहेब, तारीख धरली, आता तेवढी टोळी द्या." आम्हाला वाईट वाटते, पण तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे चालतो. एकाला पुढे घेतले की ज्याचा ऊस आधीचा, तो मागे पडतो. म्हणून या अंकात खत-पाण्यावर न लिहिता लग्नावर लिहायचे ठरवले आहे. वडीलधाऱ्यांनी हे वाचावेच, पण ज्यांचे लग्न ठरले आहे त्या मुला-मुलींनी आधी वाचावे. कर्ज शेवटी त्यांच्याच संसारात येते.

तारीख धरण्यापूर्वी आपला ऊस कोणत्या हंगामाचा ते पाहा. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली सोळा-अठरा महिन्यांचा होऊन गळिताच्या सुरुवातीला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी त्याच्या मागे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस शेवटी. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे कारखान्याच्याच अंकात लिहितो आहोत याची आम्हाला जाणीव आहे. तरीही सांगतो, लग्न त्या चौदाव्या दिवसाच्या भरवशावर धरू नका. अवकाळी पाऊस येतो, टोळी पळून जाते, रस्त्यात ट्रॉली उलटते. तोडणीच्या अंदाजानंतर दीड-दोन महिने सोडावेत. आडसालीवाल्याने माघ-फाल्गुन पाहावा, सुरूवाल्याने वैशाखाच्या आत घाई करू नये.

याला दुसरेही कारण आहे. ऊस तुटल्यावरचे पहिले पंधरा दिवस खोडव्याचे असतात. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत दाबायचे आणि पहारीने खताची पहिली मात्रा पंधरा दिवसांच्या आत द्यायची. नेमके याच दिवसांत घरात हळद असली तर रानात कोणी फिरकत नाही. मग पाचट पेटवून मोकळे होतात आणि खोडवा वर्षभर पिवळा राहतो. असे खोडवे आम्ही दरवर्षी पाहतो, आणि चौकशी केली की घरी कार्य होते असेच कळते.

आता पैशाचे. पुष्कळ घरांत "आपला सव्वादोन लाखांचा ऊस आहे" असे धरून याद्या होतात. दोन एकर ऊस, एकरी चाळीस टन, म्हणजे ऐंशी टन. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,८०० रुपये धरू. दर दरवर्षी बदलतो, हा आकडा हिशेबापुरता. एकूण २,२४,००० झाले. त्यातून सोसायटीची वसुली ९०,००० गेली. खोडव्याचे खत, मजुरी, वीज मिळून ३५,०००. घरखर्च, शाळा, दवाखाना यांना वर्षाचे ६०,००० तरी ठेवावेच लागतात. उरले ३९,०००. लग्नाचे खरे पैसे एवढेच. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब कागदावर करावा, आणि तो बैठकीच्या आधी करावा. बैठकीत शब्द गेल्यावर कागदाचा उपयोग नाही.

तूट आली की माणूस खाजगी उसनवारीकडे वळतो. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने एक लाख घेतले आणि दहा महिन्यांनी पुढचे बिल आल्यावर फेडले, तर व्याजच ३०,००० होते. म्हणजे जवळजवळ अकरा टन ऊस नुसत्या व्याजाला गेला! आमच्या गटातल्या एका सभासदाने यापेक्षा वाईट केले. मुलीच्या लग्नासाठी अकरा महिन्यांचा आडसाली गुऱ्हाळाला दिला. पाच-सहा महिने थांबता तर एकरी वीस टन तरी वाढले असते. लग्न थाटात झाले, पण पुढच्या लागणीच्या बेण्याला पैसे नव्हते. ते गृहस्थ आमच्यासमोर रडले, आणि काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही.

मग काटछाट कुठे करायची? दोन्ही घरच्या परवानगीने मुलाने आणि मुलीने एकदा समोरासमोर बसावे आणि आपल्याला काय नको ते सांगावे. आईबाप "लोक काय म्हणतील" यात अडकलेले असतात. मुलांनीच "नको" म्हटले की त्यांची सुटका होते. साखरपुड्यातच लग्न उरकण्याची चाल आता गावोगाव रुळली आहे. त्यात एक जेवणावळ, एक मांडव आणि एकदाचा प्रवास वाचतो. टॉवेल-टोपीचा आहेर बंद करावा. तो टॉवेल कोणी वापरलेला आम्ही पाहिला नाही. वैशाखातल्या पंगतीत बासुंदीसारखे दुधाचे पदार्थ टाळलेले बरे. उन्हात ते लवकर नासतात आणि निम्मे वऱ्हाड दवाखान्यात जाते. हुंड्याबद्दल एवढेच, की १९६१ च्या कायद्याने घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

साधे लग्न ही काही शहरी टूम नव्हे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पुण्यात थोडक्या खर्चात, भटजीशिवाय लग्न लावून दाखवले होते. ज्यांना नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचे आहे त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस द्यावी. मांडवात लग्न झाले असले तरी ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. पत्रिका, फोटो, वयाचे दाखले आणि तीन साक्षीदार लागतात. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी हवीत. पुढे बँकेत, वारसाच्या नोंदीत हा दाखला पदोपदी मागतात.

तोडणीचा अंदाज गटकचेरीत लागणीची नोंद पाहून सांगितला जातो. पत्रिका छापण्याआधी या.