हवा तो कागद, हव्या त्या वेळी

सेवानिवृत्तीस आलेल्या प्राथमिक शिक्षकाचे निवृत्तिवेतन प्रकरण पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या वेतननिश्चितीच्या आदेशापाशी अडते. आदेश निघालेला असतो, कार्यालयातच असतो. पण तो कोणत्या गठ्ठ्यात आहे हे ज्या लिपिकास ठाऊक होते, त्याची बदली झालेली असते. ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर ऐकून शिक्षक परत जातो आणि त्याचे निवृत्तिवेतन लांबते.

या दुखण्यावर महाराष्ट्रात झालेला एक उल्लेखनीय प्रयत्न अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेख कक्ष आणि कामाची रीत यांची फेरमांडणी केली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती राज्यभर परिचित झाली.

शासकीय कार्यालयांत पुढे रुजलेली सहा गठ्ठा पद्धत याच विचाराची आहे. कार्यवाहीची प्रकरणे, अन्य कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची निकाली प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे हे सहा गठ्ठे होत. कागद केव्हा आला यापेक्षा त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न येथे आधी विचारला जातो.

यांपैकी स्थायी आदेश संचिकेकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. मूळ शासन निर्णय, त्याचे शुद्धिपत्रक आणि तो अधिक्रमित करणारा नवा निर्णय, सारे आले त्या क्रमाने एकाच दोरीत ओवलेले आढळतात. मग जुन्याच आदेशावरून टिपणी लिहिली जाते. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. आदेश विषयवार लावावेत, शुद्धिपत्रक मूळ आदेशालाच जोडावे आणि रद्द झालेल्या आदेशाच्या माथ्यावर नव्या आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहावा.

सूची मात्र शोधणाऱ्याच्या भाषेत हवी. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची माहिती हवी असलेला लिपिक ‘औषधोपचाराची बिले’ असे शोधतो. नियमांचे नाव असते ‘महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१’. दोन्ही नावांनी नोंद असली, तरच ती सापडेल. शासन निर्णयाच्या शेवटी छापला जाणारा संगणक संकेतांकही सूचीत टिपून ठेवावा, म्हणजे संकेतस्थळावरील प्रत चटकन मिळते. तो निर्णय आज लागू आहे की नाही, हे मात्र सूची ठेवणाऱ्यानेच लिहावयाचे असते.

निकाली प्रकरणांची वर्गवारी ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ अशी होते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जतन करावयाचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे. ‘क’ व ‘ड’ यांची मुदत त्याहून कमी. ‘अ’साठी लाल, ‘ब’साठी हिरवे, ‘क’साठी पिवळे आणि ‘ड’साठी पांढरे कापड वापरण्याची रीत आहे. (कागद कापडात बांधण्याची चाल जुनीच, पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदही रुमालांतच आहेत.) रंगांमुळे फडताळासमोर उभ्या राहिलेल्या नवख्या शिपायासही गठ्ठा ओळखता येतो. पण वर्ग चुकला तर रंगही चुकीचेच सांगणार. जमिनीच्या हक्काचा कागद नजरचुकीने ‘ड’ गठ्ठ्यात गेला, तर तो कायमचा नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून प्रकरण निकाली निघताच, विषय डोक्यात ताजा असताना, संबंधित लिपिकाने वर्ग ठरवावा व वरिष्ठाने तो तपासावा.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४ने अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. ग्रामपंचायतही त्यास अपवाद नाही. तेथे एकच कपाट असले, तरी त्याच्या दाराच्या आतील बाजूस खणवार यादी चिकटविता येते.

बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत या सूचीचाही उल्लेख असावा. पदभार घेणाऱ्याने सूचीतील कोणतीही दोन प्रकरणे तेथेच मागून पाहावीत आणि ती न मिळाल्यास तसे यादीवर नोंदवूनच स्वाक्षरी करावी.