स्वातंत्र्याचा कर्जरोखा

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात, असे व्यापारी घराण्यांत पूर्वापार सांगितले जाते: कर्ज कशापोटी आहे, हाती रोख किती पडणार आणि फेड कोणाच्या कष्टातून होणार. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाने १८२५ मध्ये ज्या कागदाला मान्यता दिली, त्याला या तीन प्रश्नांची कसोटी लावली असता एका राष्ट्राचे दारिद्र्य कसे घडले याचा उलगडा होतो.

अठराव्या शतकात हा प्रदेश फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत होता. युरोपात जाणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा मोठा भाग येथील मळ्यांतून येई आणि मळ्यांवर सुमारे पाच लाख आफ्रिकी गुलाम राबत. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी बंड पुकारले. तूसाँ लूव्हर्त्यूर या पूर्वाश्रमीच्या गुलामाने त्या बंडाला शिस्तबद्ध सैन्याचे रूप दिले. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली खरी. परंतु पुढे नेपोलियनने वसाहत पुन्हा मुठीत आणण्यासाठी मोठे आरमार धाडले. तूसाँ पकडला गेला आणि १८०३ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात मरण पावला. त्याचे सहकारी मात्र लढत राहिले. फ्रेंच सैन्याचा पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी ज्याँ-जाक देसालिन याने स्वातंत्र्याची घोषणा केली. गुलामांच्या उठावातून स्वतंत्र राष्ट्र जन्मास येण्याचे हे जगातील एकमेव उदाहरण होय.

रणांगणावर मिळालेल्या या विजयाला मान्यता द्यायला मात्र कोणी पुढे येईना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी ती १८६२ पर्यंत दिली नाही. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमॉन बोलिव्हार पराभूत होऊन आश्रयास आला, तेव्हा हैतीच्या अध्यक्षांनी त्याला शस्त्रे व माणसे पुरवली; मोबदल्यात अट एकच घातली, की मुक्त केलेल्या भूमीवरील गुलामांनाही मुक्त करावे. तरीही १८२६ मध्ये पनामा येथे नव्या अमेरिकी राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हा हैतीला निमंत्रण नव्हते.

या एकाकी अवस्थेत जुलै १८२५ मध्ये फ्रेंच युद्धनौकांचा ताफा हैतीच्या राजधानीसमोर उभा राहिला. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याचा हुकूमनामा त्याबरोबर आला होता: मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी हैतीने १५ कोटी फ्रँक पाच समान हप्त्यांत द्यावेत आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी, म्हणजे स्वातंत्र्य मान्य होईल. त्या नुकसानीत जमिनीबरोबर गुलामांची किंमतही धरलेली होती. म्हणजेच सुटलेल्या माणसांनी स्वतःच्याच देहाचे मोल पूर्वीच्या मालकांना चुकवायचे होते. मागणी केवढी होती, हे एका तुलनेवरून समजते. १८०३ मध्ये फ्रान्सने लुईझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेला सुमारे ८ कोटी फ्रँकना विकला होता. तोफांच्या छायेत अध्यक्ष ज्याँ-पिएर बॉयर यांनी हुकूमनामा स्वीकारला.

पहिला हप्ता ३ कोटींचा. तेवढी रक्कम तिजोरीत नव्हती, म्हणून पॅरिसच्याच सावकारी पेढ्यांकडून ३ कोटींचे कर्ज उचलावे लागले. रोखे शंभराला ऐंशी या भावाने विकले गेले. हैतीच्या पदरात २ कोटी ४० लाख पडले. फेड मात्र पूर्ण ३ कोटींची आणि व्याज शेकडा ६. दर्शनी दर सहा टक्के असला, तरी हाती पडलेल्या रकमेवर तो साडेसात टक्के होता. भरपाई फ्रान्सला, तिच्यासाठीचे कर्जही फ्रान्सचेच. इतिहासकारांनी याला ‘दुहेरी ऋण’ म्हटले आहे.

फेडीचा भार पडला कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर. निर्यात होणाऱ्या कॉफीवरील कर हेच सरकारचे मुख्य उत्पन्न होते. शेतमजुराला मळ्याशी जखडणारा ग्रामीण कायदा बॉयर यांनी १८२६ मध्ये आणला. ज्यांनी बेड्या तोडल्या, त्यांच्याच मुलांना परवान्यावाचून गाव सोडता येईना. लोकांनी हा कायदा फारसा जुमानला नाही. डोंगरकपारीत लहान तुकडे कसून ते स्वतंत्र राहिले. पण शाळा, रस्ते आणि दवाखाने यांसाठी पैसा उरला नाही. १८३८ मध्ये फ्रान्सने उर्वरित १२ कोटींचे ६ कोटी केले. तरीही जुने देणे भागवण्यासाठी नवी कर्जे निघत राहिली आणि या साखळीतील अखेरची परतफेड १९४७ मध्ये झाली.

एप्रिल २०२५ मध्ये, हुकूमनाम्यास दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, या व्यवहाराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती नेमण्याचे फ्रान्सच्या अध्यक्षांनी जाहीर केले. हैतीला लोक आज गरीब देश म्हणून ओळखतात. त्या गरिबीची कारणे अनेक आहेत. पुढील काळातील हुकूमशहा, परकीय हस्तक्षेप आणि भूकंप हेही त्यांत आहेत. परंतु जे राष्ट्र जन्मताच नागवले गेले, त्याच्या आळसाची वा अव्यवस्थेची चर्चा करण्यापूर्वी त्याची जुनी खतावणी उघडून पाहणे न्यायाचे ठरेल. तीत हैतीच्या नावे लिहिलेले देणे मुळात हैतीचे येणे होते.