मोडायचा ढीग

गेल्या महिन्यात डोंबिवलीला मावशीकडे दुपारभर एकच काम चाललं होतं. पलंगावर चादर अंथरून तिने स्टीलचा डबा उपडा केला. गुलाबी कागदातली बोरमाळ, मोती निखळलेली एकुलती एक कुडी, नातीच्या बारशाच्या बिंदल्या, तुटक्या साखळ्या. शिवाय लोकलमध्ये घालायला घेतलेल्या ‘एक ग्रॅम’च्या बांगड्यांचा डोंगर. ढीग तीन ठरले: ठेवायचं, द्यायचं, मोडायचं. मोडायचा ढीग भराभर वाढायला लागला तेव्हा मी तिचा हात धरला. प्रत्येक डाग मोडण्यामागे तिच्याकडे कारण होतं, पण बहुतेक कारणं ऐकीव.

‘पन्नास तोळ्यांवर सोनं घरात ठेवता येत नाही’ हे पहिलं. हा आकडा आयकर खात्याच्या 11 मे 1994 च्या सूचनेतला. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे 250 आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असं ती अधिकाऱ्यांना सांगते. नोटाबंदीनंतर 1 डिसेंबर 2016 ला सरकारने तिचीच आठवण करून दिली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बघता बघता तिची ‘मर्यादा’ झाली. सोनं कुठून आलं, कमाईतून की वारशाने, हे दाखवता येत असेल तर ते किती असावं याला मर्यादा नाही. तेव्हा मोडण्याआधी जुन्या पावत्या शोधा. दागिने घातलेले लग्नातले फोटोसुद्धा सांभाळून ठेवलेले बरे.

दुसरं कारण हॉलमार्कचं. ‘त्यावर शिक्का नाही, आता कोण घेणार?’ 16 जून 2021 ला 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, त्यात ठाणे जिल्हाही आला. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नसलेला दागिना सराफाला विकता येत नाही. पण ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, मावशीच्या डब्यावर नाही. बिनशिक्क्याचा जुना डाग सराफ खुशाल विकत घेऊ शकतो. शंका असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. चार डागांपर्यंत 200 रुपये आणि त्याहून जास्त असतील तर डागामागे 45 रुपये असा दर ठरवून दिलेला होता. एका साखळीवर ‘केडीएम’ होतं, त्याचा मावशीला केवढा अभिमान! पण केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाक. ती जोडकामाची पद्धत झाली, शुद्धतेची हमी नव्हे. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून ती पद्धत मागे पडली.

बोरमाळेपाशी मात्र आम्ही अडकलो. काट्यावर ती 18 ग्रॅम भरली आणि मावशीने लगेच दराशी गुणाकार केला. ओळखीच्या सोनाराने एक मणी भिंगाखाली धरून भोकाच्या कडेला दिसणारी तपकिरी रेघ दाखवली: लाख. बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्र्याचं पोकळ बोर, आत लाख भरलेली. मोडायला गेलं की लाख जळते आणि उरतं ते खरं वजन. ‘अकरा ग्रॅम निघालं तरी नशीब,’ तो म्हणाला. घडणावळ तर गेलीच. अशा हाताच्या कामाला आज काय मजुरी पडेल, हे विचारल्यावर मावशी गप्प झाली. माझ्या मते लाखेचा दागिना मोडूच नये. नव्या दोऱ्यात गाठवून घ्यावा आणि घालावा.

‘मोड देऊन नवा घेतला, हातात पैसा कुठे आला? मग कर कसला?’ हे तर सगळीकडे ऐकू येतं. कायद्याच्या लेखी अदलाबदल हेही हस्तांतरणच. 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ बाळगलेल्या सोन्याच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागू शकतो, शिवाय नव्या डागावर 3 टक्के जीएसटी. दागिना आईकडून आलेला असेल तर तिची खरेदीची किंमत धरायची; खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो.

लॉकरबद्दल थोडक्यात. आतल्या ऐवजाचा विमा बँक उतरवत नाही. चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाची लबाडी यांत तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. पूर-भूकंपासारख्या आपत्तीत, तिचा हलगर्जीपणा नसेल तर, तीही नाही. 26 जुलै 2005 चं पाणी पाहिलेल्या कल्याणकरांनी तरी लॉकर तळमजल्यावर आहे का, हे विचारून घ्यावं.

शेवटी ‘द्यायचं’ हा ढीग. ‘आईचं सोनं लेकींचंच, त्यात काय लिहायचं?’ मावशी म्हणाली. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली आणि पती यांचा सारखा वाटा. बोरमाळेच्या मण्यांची वाटणी कशी होणार, असं मी विचारलं. तिने नातवाच्या वहीतलं पान फाडलं आणि म्हणाली, ‘वकिलाकडे नंतर जाऊ, आधी नावं तर लिहू.’ एकट्या कुडीपुढे तिने कुणाचंच नाव लिहिलं नाही. ती तिला स्वतःला हवी होती.