एका कुळांतील तीन शब्द

इंग्रजींत ‘अँगर’ म्हणजे राग, ‘अँग्विश’ म्हणजे तीव्र यातना व ‘अँग्झायटी’ म्हणजे चिंता, असें आपण मुलांकडून घोकून घेतों. परंतु हे तिन्ही शब्द एकाच कुळांतले आहेत, हें त्यांस क्वचितच सांगतों. तिहींच्या मुळाशीं ‘अरुंद होणें, आवळणें’ हा एकच अर्थ आहे. ‘अँगर’ प्राचीन नॉर्स भाषेंतून आला; तेथें तो दुःखवाचक होता. उरलेल्या दोहोंचें मूळ लॅटिन ‘आंगेरे’, म्हणजे गळा आवळणें. आपला वैदिक ‘अंहस्’ याच गोत्रांतला. त्याचा अर्थ केवळ पाप नव्हे, तर कोंडी व संकटहि.

उलट आपला ‘राग’ ‘रञ्ज्’ धातूपासून निघालेला. संस्कृतांत तो रंग व अनुराग. मराठींत मात्र कोप झाला! तेव्हां ‘अँगर म्हणजे राग’ हें समीकरण किती लंगडें! आणि मीं तें वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें.

परवां नातीनें विचारलें, “आजोबा, परीक्षेच्या आदल्या रात्रीं गळा आवळल्यासारखें होतें, त्याला इंग्रजींत काय म्हणतात?” मीं ‘अँग्झायटी’चें मूळ सांगितलें. ती क्षणभर थांबून म्हणाली, “म्हणजे त्या लोकांनाहि तसेंच होत असे!”