काम तशी चंदी : श्रम करणाऱ्या व विश्रांतीतील घोड्यांचा आहार

आपल्या देशात बहुतेक घोड्यांचे काम हंगामी असते. लग्नसराईत वरातीसाठी रोज बाहेर पडणारा घोडा चातुर्मासात दावणीला बांधून असतो. केदारनाथच्या वाटेवर यात्रेकरू व सामान वाहणारी खेचरे आणि तट्टे भाऊबीजेला मंदिराची दारे बंद झाली की मोकळी होतात. माथेरानमध्येही पावसाळ्यात पर्यटक ओसरले की घोड्यांचे काम घटते. काम असे कमी झाले तरी अनेक ठिकाणी चंदीचा तोबरा पूर्वीइतकाच भरला जातो. घोड्याचे पोटदुखीसारखे व खुरांचे गंभीर आजार पुष्कळदा येथूनच सुरू होतात.

पचनसंस्थेची रचना

घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असून त्यात आम्ल सतत स्रवत असते. लाळ मात्र केवळ चावताना सुटते. म्हणून थोडे थोडे व बराच वेळ खाणे ही त्याची नैसर्गिक गरज आहे. चाऱ्यातील तंतूंचे पचन मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव करतात, तर धान्यातील पिष्ट लहान आतड्यात पचते. एका वेळी फार धान्य दिल्यास न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरते, तेथे आंबते व आम्लता वाढवते. त्यातून पोटशूळ उद्भवतो. तसेच खुराच्या आतील पापुद्र्यांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, होऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. घोड्याला उलटी करता येत नसल्याने जादा खाल्लेले बाहेर पडण्याचा मार्गही नसतो.

श्रमानुसार गरज

विश्रांतीतील घोड्याच्या तुलनेत हलक्या कामात ऊर्जेची गरज सुमारे २० टक्के, मध्यम कामात ४० टक्के आणि जड कामात ६० टक्के वाढते. शर्यतीसारख्या अतितीव्र श्रमात ती जवळजवळ दुप्पट होते. प्रथिनांची गरज त्या मानाने कमी वाढते. त्यामुळे काम वाढले म्हणून केवळ हरभरा वाढवत नेणे योग्य नव्हे.

सुमारे ३५० किलो वजनाच्या प्रौढ घोड्यासाठी, चांगल्या प्रतीचे वाळलेले गवत उपलब्ध असल्यास, रोजचा आहार साधारणपणे असा ठेवावा :

• विश्रांती : गवत ७ किलो, चंदीची गरज नाही
• हलके काम : गवत ६.५ किलो, चंदी १ किलो
• मध्यम काम : गवत ६ किलो, चंदी २ किलो
• जड काम : गवत ६ किलो, चंदी ३ किलो

गवताऐवजी गव्हाचा भुसा किंवा कडबा द्यावा लागत असेल, तर त्यात लसूणघासासारखा द्विदल चारा मिसळावा. नुसता भुसा पचनास जड असून त्यातून आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो.

चंदी देताना

चंदी मापाने न देता वजनाने द्यावी. एक डबा मका आणि एक डबा ओट यांचे वजन व ऊर्जा यांत मोठा फरक असतो. वरील वजनाच्या घोड्यास एका वेळी दीड किलोपेक्षा अधिक चंदी देऊ नये. दिवसाची चंदी दोन-तीन वेळा विभागावी. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर व कॅल्शियम अल्प असते. कोंडा दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात दिल्यास हाडे कमकुवत होतात. म्हणून तो मर्यादित ठेवावा आणि खनिज मिश्रण द्यावे. विश्रांतीतही रोज सुमारे २० ग्रॅम मीठ लागते. घाम गाळणाऱ्या घोड्यास त्याहून अधिक द्यावे. स्वच्छ पाणी सदैव समोर असावे. उन्हात काम करणाऱ्या घोड्याची पाण्याची गरज दुपटीहून अधिक होऊ शकते.

सुटीच्या दिवसाचा धोका

जड काम करणाऱ्या घोड्यास एक-दोन दिवस विश्रांती देऊन चंदी पूर्ण ठेवली आणि नंतर एकदम कामास लावले, तर पाठीचे व मांड्यांचे स्नायू ताठरतात, भरपूर घाम येतो व लघवी गडद तपकिरी होते. रविवारच्या सुटीनंतर हे घडताना दिसे, म्हणून यास ‘मंडे मॉर्निंग डिसीज’ असे नाव पडले. अशा वेळी घोड्यास चालवू नये. आहे तेथेच उभे ठेवून पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. हे टाळण्यासाठी विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणावी, चारा मात्र पूर्ण द्यावा.

हंगाम सुरू होताना क्रम उलट असावा. आधी काम हळूहळू वाढवावे आणि त्यामागून चंदी ७ ते १० दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावी.

आहार योग्य आहे की नाही, हे घोड्याच्या बरगड्यांवरून कळते. त्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात. दिसू लागल्यास आहार वाढवावा. दाबूनही लागत नसतील तर चंदी कमी करावी. दर पंधरा दिवसांनी अशी पाहणी केल्यास आहारातील चूक आजारात रूपांतरित होण्यापूर्वीच ध्यानात येते.