पाठवणीचं गाणं आणि अंगावरचा काटा

ठाणे महापालिकेतर्फे कलावंतांना ‘गंगा-जमुना’ पुरस्कार दिला जातो. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले जनकवी पी. सावळाराम यांच्या, याच शब्दांनी सुरू होणाऱ्या पाठवणीच्या गाण्याची ही आठवण. चाल वसंत प्रभूंची, आवाज लता मंगेशकरांचा. आई लेकीला सासरी पाठवते, प्रसंग एवढाच. तरी कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या हॉलमध्ये हे गाणं लागलं, की ज्यांना लेक नाही त्यांचाही गळा दाटून येतो. असं का व्हावं?

हल्ली याचं तयार उत्तर असतं : डोपामाइन. २०११ मध्ये माँट्रियलच्या व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की संगीतातली आवडती जागा येण्याआधी मेंदूच्या एका भागात डोपामाइन स्रवतं आणि जागा आली, की दुसऱ्या भागात. प्रयोग देखणाच! पण त्यात वाद्यसंगीत होतं, शब्द नव्हते. शिवाय डोपामाइन आवडत्या जेवणानंही वाढतं. जेवताना कुणाचे डोळे भरून येत नाहीत.

म्हणून मला याक पँकसेप हा संशोधक महत्त्वाचा वाटतो. गुदगुल्या केल्यावर उंदीर ‘हसतात’ हे दाखवणारा म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याचं संगीतावरचं काम मात्र मागे राहिलं. १९९५ मध्ये त्यानं नोंदवलं, की आनंदी संगीतापेक्षा उदास संगीतानं अंगावर काटा जास्त येतो, विशेषतः शांत साथीतून एकच उंच, लांबलेला स्वर वर येतो तेव्हा. आईपासून ताटातूट झालेलं पिल्लू असाच आकांत करतं. मॉर्फिनसारख्या द्रव्यांच्या अगदी थोड्या मात्रेनं तो आकांत शमतो, हे पँकसेपनं आधीच दाखवलं होतं. त्याचा तर्क असा : असा स्वर विरहाची तीच जुनी यंत्रणा जागी करतो. विरहात गारठल्यासारखं वाटतं, म्हणून शहारा. जवळ घेतलं की ऊब.

पाठवणीच्या गाण्यात तर ताटातूट शब्दांतही आहे आणि लताबाईंच्या उंच, नितळ स्वरातही. दोन्ही एकाच जागी भिडतात. गाणं टिकलं ते यामुळे, असं माझं मत.

अर्थात पँकसेपचा तर्क अजून सिद्ध झालेला नाही. बहिणीच्या लग्नाची आठवण, भाषेची सवय यांचा वाटा कमी नसणार. तो वेगळा काढायचा एक साधा मार्ग आहे. मराठी न कळणाऱ्या शेजाऱ्याला, अर्थ न सांगता, हे गाणं ऐकवा आणि काटा आला का, नेमका कुठल्या स्वरावर आला, ते विचारा. उत्तर आम्हाला जरूर कळवा.